बुरुजावरून पाठमोरं उतरताना

कुवेत सपाट आहे. तिथे जिन्याची आठवण होते ती लिफ्ट बंद पडल्यावर, आणि उंच काही बघायचं असेल तर कारखान्याकडे बघायचं. फहाहीलच्या आमच्या फ्लॅटच्या गच्चीतून शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे कॉलम दिसायचे. कॉलम म्हणजे पन्नास-साठ मीटर उंचीची उभी लोखंडी नळकांडी. बाहेरून सरळ शिडी, आणि ठरावीक अंतरावर टेकायला जाळीचा प्लॅटफॉर्म. त्या शिडीने वर जायचं, पत्रा कुठे गंजलाय, कुठे पातळ झालाय ते तपासायचं आणि खाली येऊन सही करायची, हे माझं काम. युद्धानंतर, पेटलेल्या तेलविहिरींचा धूर विरल्यावर, जे इंजिनियर भारतातून भरले गेले त्यातला मी एक. नाशिकहून दोन वर्षांसाठी आलो होतो. ही गोष्ट घडली तेव्हा त्या दोन वर्षांना अकरा वर्षं झाली होती.

मे महिन्यात एका सकाळी मी एका कॉलमच्या शिडीवर, तिसऱ्या आणि चौथ्या प्लॅटफॉर्मच्या मध्ये थांबलो. थांबलो म्हणजे हात सुटेनात. वारा नव्हता, चक्कर नव्हती, पाय घसरला नव्हता. ज्या शिडीवरून मी शेकडो वेळा गेलो होतो तिच्या एका पायरीला माझ्या दोन्ही मुठी चिकटल्या आणि मी सांगूनही त्या उघडेनात. खाली बघितलं तर समुद्र दिसत होता, वर बघितलं तर आकाश. दोन्हीकडे बघणं बंद करून मी समोरच्या पत्र्यावरचा रंग बघत राहिलो.

स्कॅफोल्डिंगचा, म्हणजे परांची बांधणाऱ्यांचा, फोरमन रत्नागिरीकडचा होता. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याने खालून ओळखलं. आरडाओरडा न करता तो माझ्या मागून चढून आला, एक पायरी खाली थांबला, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून त्याने शिडी धरली.

"साहेब, हाताचं नाव काढू नका. पायाचं बघू आपण."

"होत नाही."

"होतंय. डावा पाय खाली. टाका. मी हाय ना खाली." थोडं थांबून, "हां. आता उजवा."

चार मिनिटांची उतरण चाळीस मिनिटं चालली. खाली आल्यावर त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि त्याच्या माणसांना म्हणाला, "काय बघताय, कामाला लागा." कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे मी फॉर्म भरला. अपघात झाला नव्हता, त्यामुळे तो अपघात न झाल्याचा अहवाल होता. तो तीन प्रतींत गेला.

त्यानंतर मला टेबलावरचं काम मिळालं. आमचे खातेप्रमुख, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, ते सभ्य गृहस्थ होते. ते उन्हाळाभर काही बोलले नाहीत. सप्टेंबरात त्यांनी मला चहाला बोलावलं. जानेवारीत मोठा शटडाऊन होता. सगळा कारखाना बंद करून आठ कॉलम तपासायचे होते. "तुम्ही वर जाणार का, हे मला नोव्हेंबरअखेर सांगा," ते म्हणाले. "नसाल तर मला दुसरा माणूस आणावा लागेल. घाई नाही." घाई नाही म्हणून त्यांनी तारीख मात्र सांगितली होती. दुसरा माणूस आला की माझा करार संपणार, करार संपला की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपणार, आणि आमची मुलगी तेव्हा बारावीत होती, मार्चमध्ये तिची परीक्षा.

हे मी घरी सांगितलं नाही. बायकोला सांगितलं की बढतीमुळे टेबलाचं काम आलंय. ती "बरं" म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये मला स्कॉटलंडला जायचं होतं. आमच्यासाठी ग्लासगोजवळच्या एका कारखान्यात एक मोठं यंत्र तयार होत होतं आणि ते जहाजावर चढवण्याआधी गिऱ्हाइकाच्या माणसाने समोर उभं राहून त्याची चाचणी बघायची असते. माझ्यासारख्या टेबलवाल्या माणसाला ते काम बरोबर जमत होतं. बायको म्हणाली, मीही येते. मुलगी रुमैथियाला मैत्रिणीकडे राहायला तयारच होती. आम्ही तिला काय आणू विचारलं, तर म्हणाली, "नथिंग. जस्ट डोन्ट कॉल एव्हरी डे."

चाचणी सोमवारी होती. रविवारी त्या कारखान्याचा विक्री अधिकारी आम्हाला किल्ला दाखवायला घेऊन गेला. निळा ब्लेझर, खिशावर सोनेरी दोऱ्याने भरलेलं चिन्ह. गाडीत बसल्याबरोबर त्याने मला चौकड्यांचा टाय भेट दिला आणि म्हणाला की हा त्याच्या घराण्याचा नमुना आहे. पुढे हॉटेलच्या दुकानात तोच टाय दिसला, इतर घराण्यांच्या शेजारी.

किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तटबंदी, दरवाजे, माची असलं काही आलं होतं. प्रत्यक्षात तो नदीच्या वळणावर कड्याला उभा असलेला एकच चौकोनी दगडी बुरूज होता. एकावर एक खोल्या रचून केलेलं पाच मजली घर, खाली गुरं आणि धान्य, वर मालक, आणि सगळ्यांत वर पहाऱ्याची वाट. इतक्या दगडात राहणारा माणूस श्रीमंत असण्यापेक्षा शेजाऱ्यांशी भांडलेला असणार, एवढं कळत होतं. खाली नदी. पाऊस नुकताच थांबला होता आणि पाणी चहाच्या रंगाचं वाहत होतं. बायको म्हणाली, "गोदावरी अशी कधी बघितलीय तुम्ही ऑक्टोबरात?" मी म्हणालो, "गोदावरीत मला पाणी बघितल्याचंच कमी आठवतं." ती म्हणाली, नाशिककडच्यांनी असं बोलू नये.

मी बुरूज वरपासून खालपर्यंत बघितला. अंदाजे पंचवीस मीटर. शुऐबाच्या हिशेबाने दुसरा प्लॅटफॉर्म. आणि तिथेच ठरवलं की वर जायचं. कोणाला दाखवायचं नव्हतं. नोव्हेंबरअखेर मुदीरना काय सांगायचं हे मला कुठेतरी कळायला हवं होतं, आणि शिडीवर ते तपासायचं म्हणजे परमिट लागतं, परमिटवर सह्या लागतात. इथे फक्त तिकीट लागत होतं.

वाटाड्या दारातच उभा होता. चुण्यांचा लोकरी घागरा, गुडघ्यापर्यंत मोजे, चांदीच्या मुठीची काठी. तो बोलताना 'आम्ही' म्हणायचा. "आम्ही इथे सहा आठवडे वेढा सोसला. आम्ही शरण गेलो नाही." दारावरच्या छतात एक भोक होतं, त्यातून "आम्ही" शत्रूवर उकळतं पाणी टाकत असू. चौथ्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेला संडास होता, तो थेट नदीवर उघडायचा, आणि त्यासाठी त्याने असं एक नाजूक फ्रेंच नाव घेतलं की ब्लेझरवाल्याने आदराने मान हलवली. नंतर चहाच्या वेळी कळलं की गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर होते आणि त्या गावात येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती.

मला हसायचा अधिकार नव्हता. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला शाळेच्या हॉलमध्ये थर्माकोलचा बुरूज उभा करून त्याच्यासमोर मीच भाषण केलं होतं: आपण तह केला, आपण गड परत घेतला. मी, ज्याला त्या दिवशी हॉलपर्यंत न्यायला गाडी आली होती.

जिना भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जात होता. दगडी पायऱ्या आतल्या बाजूला चार बोटं रुंद, बाहेरच्या बाजूला हातभर. कठड्याऐवजी भिंतीतल्या कड्यांमधून ओवलेला जाड दोर. वाटाड्याने काठीने हवेत वार करून दाखवले: जिना उजवीकडे वळतो कारण वरून लढणाऱ्याच्या उजव्या हाताला जागा मिळावी आणि खालून येणाऱ्याचा हात भिंतीला अडावा. मी कुठेतरी वाचलं होतं की डावीकडे वळणारे जिनेही पुष्कळ आहेत आणि ही गोष्ट बऱ्याच उशिराची आहे. पण विचारलं नाही. तिथे एक पायरी मुद्दाम उंच ठेवली होती, अनोळखी माणूस अंधारात अडखळावा म्हणून. वाटाड्या ती अभिमानाने दाखवत होता. आमच्याकडे अशा पायरीवर लाल पट्टी लागली असती आणि फोरमनला सकाळीच बोलावणं गेलं असतं.

चढताना काही झालं नाही. चारी बाजूंनी दगड, समोर बायकोची पाठ, मागे ब्लेझरवाल्याचा श्वास. दर वळणावर भिंतीत एक उभी फट यायची आणि तिच्यातून नदी दिसायची, प्रत्येक वेळी थोडी बारीक झालेली. मी दोर धरून मोजत होतो. ब्याण्णव पायऱ्या.

वरचं दार बाहेर उघडलं आणि वारा आला. पहाऱ्याची वाट दीड हात रुंद, ओल्या दगडांची. बाहेरची भिंत कुठे छातीपर्यंत तर कुठे गुडघ्यापर्यंत. बायको दारात थांबून माझ्याकडे बघत होती. "तुम्ही थांबा इथेच, मी फोटो काढून येते," ती म्हणाली.

"मी जातो," मी म्हणालो.

आणि गेलो. आतल्या भिंतीला तळहात लावून चारी बाजू फिरलो. नदीच्या बाजूला भिंत गुडघ्याएवढी होती तिथे मुद्दाम थांबलो, मनात वीस आकडे मोजले, खाली पाणी बघितलं. हात मोकळे होते. मला इतका आनंद झाला की मी ब्लेझरवाल्याला सांगितलं, तुमचा टाय छान आहे.

मग उतरायची वेळ झाली. दाराशी आलो आणि त्या गोल, काळ्या भोकात बघितलं. पहिली पायरी दिसत होती, दुसरी अर्धी, तिसरी नव्हतीच. मी दोर धरला. धरला तो धरलाच.

मागे ब्लेझरवाला आला. "आफ्टर यू," तो म्हणाला. मी हललो नाही. त्याने पुन्हा तेच म्हटलं, जास्त अदबीने. वाऱ्यात माझ्या शर्टाची कॉलर फडफडत होती, एवढाच आवाज होता. माझ्या समोर दगड होता आणि मी त्याच्यावरचं शेवाळं बघत होतो. मुदीरना काय सांगायचं ते कळलं होतं.

बायको माझ्या बगलेखालून आत शिरली, दोन पायऱ्या उतरली आणि वळून उभी राहिली.

"वळा," ती म्हणाली.

"काय?"

"पाठ माझ्याकडे करा. शिडीवरनं उतरता तसे. पायऱ्यांकडे तोंड."

"अगं, हा जिना आहे."

"मला दिसतंय जिना आहे. वळा."

मी वळलो. दोर सोडावा लागला नाही, फक्त हात बदलला. तिने माझ्या पोटरीला खालून हात लावला.

"हाताचं राहू दे. पायाचं बघू. डावा टाका खाली." थांबली. "हां. आता उजवा."

शब्द तेच होते. मला दुसऱ्या पायरीवर कळलं की हिला मे महिन्यापासून माहीत आहे, आणि तिसऱ्या पायरीवर कळलं की ते आत्ता बोलायचं नाही, आत्ता डावा पाय टाकायचा.

वर काहीतरी खरखरलं म्हणून मी मान वर केली. ब्लेझरवालाही वळला होता. तो माझ्यामागोमाग, पायऱ्यांकडे तोंड करून, एका हाताने दोर आणि दुसऱ्याने ब्लेझरची शेपटी सावरत, पाठमोरा उतरत होता. गिऱ्हाईक जसं उतरेल तसं उतरायचं, असं त्याच्या धंद्यात शिकवत असणार. किंवा त्याला वाटलं असेल की कुवेतच्या कारखान्याचा हा नियम आहे आणि सोमवारच्या चाचणीवर त्याचा परिणाम होईल.

तिसऱ्या मजल्यापाशी खालून वृद्ध बायकांचा एक गट चढत होता, पुढे वाटाड्या. जिन्यात एका वेळी एकच माणूस मावायचा. वाटाड्याने आधी माझ्या बायकोची पाठ बघितली, मग माझी पाठ, मग तिच्या वर ब्लेझरची पाठ.

"मॅडम," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत या जिन्यावरून असं कोणी उतरलेलं मी पाहिलं नाही."

बायको शाळेत शिकलेल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "आमच्या घराण्यात असंच उतरतात."

घराणं म्हटल्यावर वाटाड्याने काठी टेकून मान लववली. त्याने त्या सगळ्या बायकांना एका फटीच्या कोनाड्यात दाबून उभं केलं आणि आम्ही तिघे पाठमोरे त्यांच्यासमोरून गेलो. एक म्हातारी मला म्हणाली, "क्वाइट राइट, डिअर. माझे गुडघे पण हेच सांगतात."

उंच पायरी आली तेव्हा बायको म्हणाली, "ही मोठी आहे. घाई नको." आणि मी उतरलो.

नदीकाठी बाक होता. ब्लेझरवाला चहा आणायला गेला. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"भाभीनी." भाभी म्हणजे फोरमनची बायको. "त्याच गुरुवारी. फहाहीलच्या बाजारात मुंबईच्या विमानाने अळू येतो ना गुरुवारी, तेव्हा. तिने सगळं सांगितलं, पाय कसे मोजले तेसुद्धा. तिला वाटलं, मला माहीतच असणार."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पाच महिने थांबले. तीन प्रतींत फॉर्म भरलात, घरी एक प्रत द्यायला काय झालं होतं?"

मी मग जानेवारीचं सांगितलं, नोव्हेंबरअखेरचं, कराराचं. ती नदीकडे बघत ऐकत होती. मधेच तिने माझा एक हात मांडीखालून काढून आपल्या शालीत घेतला.

"म्हणजे तुम्ही वर जाऊन बघत होतात, जमतं का ते."

"हो."

"आणि?"

"चढायला जमतं. उतरायला कोणीतरी खाली लागतं."

"मग तेवढंच सांगा मुदीरना."

"असं कोणी सांगत नाही गं. तिथे माणूस एक तर फिट असतो नाहीतर अनफिट. तिसरा रकाना नाही."

"मग नवा रकाना आखायला सांगा. तुम्ही काय गुन्हा केलाय? नाही म्हणाले तर नाशिक. पोरीची परीक्षा होईपर्यंत मी राहीन तिथे कुठेतरी, रुमैथियावाल्यांकडे नाहीतर भाभीकडे. पण विचारायच्या आधीच स्वतःला नापास करू नका."

ब्लेझरवाला चहा घेऊन आला. त्याच्या बाहीला चुना लागला होता. त्याने हळू आवाजात विचारलं, ही पद्धत सुरक्षेची आहे की धार्मिक? मी म्हणालो, सुरक्षेची. त्याने ते खरोखर वहीत लिहून घेतलं.

परत आल्यावर मी नोव्हेंबरची वाट बघितली नाही. पहिल्याच शनिवारी, आठवडा सुरू होताना, मुदीरसमोर एक कागद ठेवला. त्यावर मी लिहिलं होतं की मे महिन्यात शिडीवर माझे हात सुटले नाहीत, ते पुन्हा होऊ शकतं, आणि फोरमन माझ्यामागे एक पायरी खाली राहणार असेल तर मी आठही कॉलम तपासेन. तसं परमिटवर नोंदवावं. खाली सही.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे लिहून द्यायची गरज नव्हती," ते म्हणाले. "तोंडी ठरवता आलं असतं."

"तोंडी ठरवलेलं शिडीवर आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, त्यांचे वडील मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारायचे, आणि दोराचं दुसरं टोक धरून नावेत एक माणूस बसायचा. त्या माणसाशिवाय कोणी बुडी मारत नसे. एवढं सांगून त्यांनी सही केली. दोन आठवड्यांनी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं: यापुढे उंचीवरच्या प्रत्येक तपासणीत दोन माणसांनी चढावं. त्याला तीन अक्षरांचं नाव होतं, रंगीत चित्र होतं आणि एक घोषवाक्य होतं. फोरमनने ते कडेला उभं राहून वाचलं आणि विचारलं, "साहेब, ह्यातला दुसरा माणूस म्हणजे मीच ना?"

"तुम्हीच."

"मग फोटो दुसऱ्याचा कसा काय?"

जानेवारीतला पहिला कॉलम मे महिन्यातलाच होता. थंडी होती आणि शिडी इतकी गार की हातमोज्यातून जाणवत होती. मी चढलो. तिसऱ्या आणि चौथ्या प्लॅटफॉर्मच्या मधली ती पायरी आली तेव्हा मला ती ओळखू आली. तिच्यावर रंगाचा एक पोपडा निघालेला होता. मी तिला हात लावला, पुढची धरली, वर गेलो. वरच्या प्लॅटफॉर्मवर पत्र्याची जाडी बारा ठिकाणी मोजली, वहीत लिहिली, एका जागी खडूने गोल काढला. तिथला पत्रा पातळ झाला होता. समुद्रावर धुकं होतं. काम होतं तोपर्यंत मी ते नीट बघितलंही नाही.

फोरमन आधी शिडीवर उतरला आणि एक पायरी खाली थांबला.

"साहेब, मोजू का?"

मला वाटलं होतं की म्हणेन, आज नको.

"मोजा," मी म्हणालो.

"डावा," तो म्हणाला. "हां. आता उजवा."

सात मिनिटं लागली. खाली येऊन मी हार्नेस ढिला केला, पाणी प्यायलो आणि दुसऱ्या कॉलमच्या परमिटवर सही केली. फोरमनने तिच्याखाली आपली केली.